वधू-वर सूचक मंडळांना खुलं पत्र : आईचा एमएस आणि मुलीचं स्थळ

प्रति,
वधू-वर सूचक मंडळं चालवणारे काका-काकू, मेळावे भरवणारे कार्यकर्ते आणि मुलाकडून फोन करून चौकशी करणारे मामा-मावश्या,

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ गेली तीन वर्षं तुमच्याकडे फिरतंय. ती 29 वर्षांची आहे, एम.कॉम. झालीये, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते, तब्येतीने ठणठणीत आहे, कळसूबाई दोनदा चढून आलीये. आमच्या आईला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस आहे, 2011 मध्ये निदान झालं. हे आम्ही बायोडेटात पहिल्या दिवसापासून लिहितो, लपवून लग्न जमवायचं नाही असं आमच्या घरात ठरलेलं आहे. आणि ती एक ओळ वाचून आत्तापर्यंत सात ठिकाणांहून नकार आला. चार जणांनी काही कारण दिलं नाही, तिघांनी स्पष्ट सांगितलं. एक मावशी फोनवर म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो, पण आईचं मुलीत उतरतं ना हे."

माझं लग्न 2017 ला झालं. तेव्हाही आई काठी घेऊनच चालायची, मंडपात बहुतेक वेळ खुर्चीवर बसून होती, माझ्या बायोडेटातही हीच ओळ होती. मला एकाही माणसाने विचारलं नाही की आईचा आजार तुला होईल का, तुझ्या मुलांना होईल का. पगार विचारला, फ्लॅटचे हप्ते विचारले, पत्रिका बघितली, आणि आईबद्दल म्हणाले, बिचाऱ्या, जपा त्यांना. बस्स. आम्ही दोघं एकाच आईची मुलं आहोत, अर्धे जीन्स मला तिच्याकडून आलेत आणि अर्धे बहिणीला, मग प्रश्न एकटीलाच का, हे माझ्या डोक्यातून जाईना म्हणून मी दोन वर्षं जे मिळेल ते वाचलं, आईच्या डॉक्टरांना प्रत्येक व्हिजिटला प्रश्न विचारून भंडावलं. जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवतो. मी डॉक्टर नाही, पण ह्या एका विषयावर बोलायचा हक्क आमच्या घराने कमावलाय असं मला वाटतं.

आधी आजार काय तो सांगतो, कारण अर्ध्या लोकांना हा लकव्याचा प्रकार वाटतो आणि बाकीच्यांना कॅन्सरसारखं काहीतरी. आपल्या मेंदूतून आणि मणक्यातून ज्या नसा जातात त्यांच्यावर वायरच्या रबरासारखं मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती चुकून त्या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण जातं तिथून सिग्नल नीट जात नाही. कोणाचा डोळा धूसर होतो, कोणाचे पाय बधिर होतात, कोणाला चालताना तोल सांभाळता येत नाही, आणि थकवा तर असा येतो की आई सांगते, भाजी चिरायला बसले तरी हातातली सुरी जड वाटते. उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, अंग तापलं की सगळं जास्त जाणवतं. हा आजार संसर्गाने लागत नाही. बहुतेकांना तो 20 ते 40 च्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे बरोबर त्याच वयात ज्या वयाची मुलंमुली तुमच्या रजिस्टरात असतात. हे वय लक्षात ठेवा, पुढे मला त्यावर बोलायचंय.

आता तुमचा मुद्दा. बायकांना जास्त होतो हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. जगभर बघितलं तर एका पुरुषामागे दोन ते तीन बायका असं प्रमाण आहे. पण हा फरक कसा आहे ते बघा. वयात येण्याआधी ज्या थोड्या लहान मुलांना एमएस होतो त्यांच्यात मुलगे आणि मुली जवळजवळ सारख्याच असतात, फरक पडतो तो वयात आल्यानंतर. आणि आजाराचा जो एक प्रकार उतारवयाकडे, हळूहळू पण पहिल्यापासूनच वाढत जातो, त्यात बायका-पुरुष साधारण बरोबरीने असतात. पुरुषांना होतो कमी पण झाला की अपंगत्व अनेकदा लवकर येतं. म्हणजे हा "बायकांचा आजार" नाहीये, पुरुषाला झाला तर तो कमी गंभीर असतो असंही नाही.

कॅनडात ह्या आजाराचा फार मोठा अभ्यास झालाय, जॉर्ज एबर्स आणि डेसा सॅडोव्निक ह्या संशोधकांच्या टीमने देशभरातल्या हजारो कुटुंबांची नोंद ठेवली. त्यातून 2006 मध्ये एक गोष्ट पुढे आली. 1930 च्या दशकात जन्मलेल्या पेशंटमध्ये एका पुरुषामागे बायका दोनच्या आत होत्या आणि 1980 च्या आसपास जन्मलेल्यांमध्ये तेच प्रमाण तीनच्या वर गेलं. माणसाचे जीन्स पन्नास वर्षांत असे बदलत नाहीत. म्हणजे बायकांमध्ये जी वाढ झाली ती राहणीमानातून, भोवतालातून आली असणार. सिगारेट, ऊन कमी मिळणं आणि ड जीवनसत्त्व कमी पडणं, किशोरवयातला लठ्ठपणा, अशी बरीच नावं त्यात घेतली जातात. शिवाय 2022 मध्ये अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून असं दिसलं की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पट वाढतो. तो विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात असतो, तुमच्या आणि माझ्याही असणार, आणि तरी एमएस अगदी थोड्यांनाच होतो. सांगायचा अर्थ हा की आजार व्हायला एक कारण पुरत नाही, पाच-सहा गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात.

पण घराण्यात चालतो की नाही, हा तुमचा खरा प्रश्न आहे. थोडा चालतो. इथे मला प्रामाणिक राहायचंय, कारण अर्धवट सांगून बहिणीचं लग्न जमवायचं नाहीये. जीन्सचा भाग नक्की आहे. आपल्या मुंबईतच डॉ. नोशीर वाडियांनी पारशी समाजाचा अभ्यास केला होता, पारश्यांमध्ये हा आजार लाखामागे वीसच्या वर निघाला, बाकी भारतीयांपेक्षा कितीतरी जास्त. कॅनडाच्या त्याच टीमने 1995 मध्ये दत्तक मुलांचा अभ्यास केला. एमएस असलेल्या माणसाच्या घरात वाढलेल्या पण रक्ताचं नातं नसलेल्या लोकांना धोका बाहेरच्या कोणाही माणसाइतकाच होता. म्हणजे घरात एकापेक्षा जास्त जणांना होतो तेव्हा ते रक्तातून येतं, एका ताटात जेवून नाही.

मग किती येतं? जुळ्यांचं उदाहरण घ्या. अगदी एकसारखी दिसणारी जुळी, ज्यांचे जीन्स तंतोतंत सारखे, त्यातल्या एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला व्हायची शक्यता कॅनडात शंभरात पंचवीसच्या आसपास निघाली. शंभर टक्के जीन्स सारखे असूनही चारातल्या तिघांना झाला नाही! साध्या भावंडांमध्ये हेच शंभरात तीनच्या आसपास. आणि आईला किंवा वडिलांना एमएस असेल तर मुलांना आयुष्यभरात शंभरात दोन ते तीन जणांना, मुलींचा वाटा त्यात मुलग्यांपेक्षा जास्त. हे आकडे अशा देशांतले आहेत जिथे हा आजार आपल्याकडच्यापेक्षा खूप जास्त आहे. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना तो होत नाही, आणि आपण त्या सत्त्याण्णव घरांमधल्या मुलींना नकार देतोय.

त्या मावशींनी जो शब्द वापरला, "आईचं मुलीत उतरतं", त्यावर तर जगातल्या संशोधकांनी खास काम केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लंडनमध्ये सेड्रिक कार्टर नावाचे डॉक्टर होते. त्यांचा अभ्यास तान्ह्या बाळांच्या एका दुखण्यावर होता, ज्यात जठराचं तोंड आवळलं जाऊन बाळ सगळं दूध ओकून टाकतं. हे दुखणं मुलग्यांना मुलींच्या कितीतरी पट जास्त होतं. पण त्यांना दिसलं की लहानपणी ते ज्या थोड्या मुलींना झालेलं असतं, त्या मोठ्या होऊन आई झाल्या की त्यांच्या बाळांना ते जास्त होतं, बापाला झालेलं असेल त्यापेक्षा. कारण असं की मुलीच्या शरीरात ते व्हायला जीन्सचा भार खूपच जास्त असावा लागतो, आणि तोच भार पुढे मुलांना मिळतो. ह्याला कार्टर इफेक्ट म्हणतात.

एमएसमध्ये उलटं आहे, इथे पुरुषांना कमी होतो. मग कार्टरच्या हिशोबाने ज्या पुरुषाला झालाय त्याच्याकडे जीन्सचा भार जास्त असणार आणि त्याच्या मुलांना धोका जास्त असणार. 2006 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात नेमकं हेच निघालं, बापाकडून मुलांना आजार जायचं प्रमाण आईच्या दुपटीहून थोडं जास्त. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या मोठ्या नोंदीत बघितलं तर आई आणि बाप दोघांकडून सारखाच जातो असं निघालं. आणि त्याआधी 2004 मध्ये कॅनडातच सावत्र भावंडं तपासली होती, त्यात आई एक आणि बाप वेगळा अशा भावंडांमध्ये धोका 2.35 टक्के आणि बाप एक आई वेगळी असेल तर 1.31 टक्के, म्हणजे तिथे आईची बाजू थोडी जड. हा आकडा तुमच्या बाजूचा आहे म्हणून मी तो गाळत नाहीये. पण बघा, वाद कशावर आहे? एक टक्क्याच्या फरकावर. आणि हाच वाद वीस वर्षांपूर्वी "बापाकडून जास्त जातो" असंही सांगून गेलाय. मग एखाद्या मुलाच्या वडिलांना एमएस असला तर तुमच्यापैकी कोणी त्या मुलाचं स्थळ कधी परत पाठवलंय का, मनापासून विचारतो.

जीन्सबद्दल एक शेवटचं. लोकांना वाटतं बायकांना जास्त होतो म्हणजे बायकांच्या एक्स क्रोमोझोममधून येत असणार. 2019 मध्ये 47 हजारांवर पेशंटचे जीन्स तपासून एक नकाशा तयार झाला, त्यात एमएसशी संबंध असलेल्या 233 जागा सापडल्या. त्यातली एक्स क्रोमोझोमवर फक्त एक. सगळ्यात मोठा वाटा असलेला जीन सहाव्या क्रोमोझोमवर आहे, आणि सहावा क्रोमोझोम आईकडून एक आणि बापाकडून एक असाच येतो, मुलगा असो की मुलगी. तो जीन अंगात असला की धोका साधारण तिप्पट होतो, पण उत्तर युरोपात तो साधारण चौघांतल्या एकाकडे असतो आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं आयुष्य एमएसशिवाय जातं. आणि एक्सचंच म्हणाल तर मुलीकडे दोन एक्स असतात, एक आईचा आणि एक बापाचा, बापाकडे एकच असतो आणि तो त्याच्या प्रत्येक मुलीला जातोच. मग बायकांनाच जास्त का, तर हार्मोन्स आणि दोन एक्स असण्याचा रोगप्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम, ह्या दोन दिशांनी काम चालू आहे. हे बाईच्या शरीराबद्दल आहे, तिच्या आईबद्दल नाही. माझ्या शरीरात ते नसेल, पण आईचे जे जीन्स माझ्याकडे आलेत त्यातले साधारण अर्धे मी माझ्या मुलीला दिलेलेच आहेत. ती आता चार वर्षांची आहे. तिच्यामुळे मला हे पत्र लिहायची जास्त घाई आहे.

आता ते वयाचं. आईला पहिला त्रास 2009 मध्ये झाला. उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की आत दुखायचं. तीन आठवड्यांत आपोआप बरं झालं. पुढच्या वर्षी पाय कमरेपासून बधिर झाले, एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी बायकांना ह्या वयात टेन्शनने होतं असं सांगून घरी पाठवलं. 2011 मध्ये एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, तेव्हा नाव कळलं. पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. दोन वर्षं वाया गेली. ह्या आजारात औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितके पुढचे हल्ले कमी होतात, गेलेलं आवरण पुरतं परत आणता येत नाही, म्हणून सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी असतात.

पेशंटच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे. तिथे किती जणींची गोष्ट सारखीच आहे म्हणून सांगू. 24-25 वर्षांची मुलगी, डोळ्याचा किंवा पायाचा त्रास झाला, न्यूरोलॉजिस्टकडे जा म्हणून सांगितलं आणि घरच्यांनी ठरवलं की आधी लग्न होऊ दे, मग बघू, फाईल तयार झाली तर गावभर होईल. एमआरआय काढायला दुसऱ्या शहरात जातात, रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली ठेवतात. लग्न होतं, वर्ष-दीड वर्षात पुन्हा झटका येतो, सासरचे म्हणतात फसवलं, आणि मुलगी माहेरी येऊन बसते. तोपर्यंत औषधाविना तिची दोन-तीन वर्षं गेलेली असतात. त्या आईबापांचा मला राग येत नाही. ते घाबरलेले असतात, आणि ती भीती त्यांना तुमच्या-माझ्यासारख्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून आलेली असते. बायकांना जास्त होतो ह्याचा खरा उपयोग हा असायला हवा होता की तरुण मुलीने डोळा धूसर झाला म्हणून सांगितलं की घरच्यांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा. आपण नेमकं तेच तिला लपवायला लावतो.

ज्या मुलींना खरोखर एमएस आहे त्यांच्याबद्दलही एक सांगायलाच हवं, कारण "मूल कसं होणार" हे पण फोनवर ऐकलंय. युरोपातल्या 12 देशांत 250 वर बायकांचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आजाराचे झटके सुमारे 70 टक्क्यांनी कमी होतात. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढतात, तेव्हा काळजी घ्यावी लागते, काही औषधं आधीपासून बंद करावी लागतात, हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. पण मूल होत नाही किंवा मूल झालं की बाई कायमची अंथरुणाला खिळते, ह्यात तथ्य नाही.

एका मंडळात काय झालं ते सांगतो, नाव घेत नाही. सरकारने 2016 च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट घातलंय, त्यानुसार आईने दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलं, रेल्वेच्या सवलतीसाठी वगैरे लागतं म्हणून. हे कळल्यावर त्या मंडळातल्या ताईंनी बहिणीची फाईल "विशेष स्थळं" ह्या कप्प्यात टाकली. त्या कप्प्यात असण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, पण सर्टिफिकेट आईचं, फाईल मुलीची. चांगल्या मनाने केलं असेल त्यांनी. बहीण घरी आली आणि आईसमोर काही बोलली नाही, रात्री गच्चीवर मला सांगितलं. आईला नंतर कळलंच. तेव्हापासून आई म्हणते, माझं नाव काढून टाका त्या कागदावरून. तेरा-चौदा वर्षं हा आजार तिने अंगावर काढला, इंजेक्शनं घेतली, शाळेतली नोकरी सोडावी लागली, ह्या सगळ्यात तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

म्हणून मागणं आहे. तुमच्या फॉर्ममध्ये आनुवंशिक आजाराचा रकाना असेल तर एमएसला त्यात थॅलसेमियाच्या शेजारी बसवू नका, थॅलसेमियात आईबाप दोघं वाहक असले तर चारात एक असा पक्का हिशोब असतो आणि रक्त तपासून तो आधी कळतो, एमएसमध्ये असा हिशोबच नाही आणि लग्नाआधी करावी अशी कुठली टेस्टही नाही. तो रकाना ठेवायचाच असेल तर मुलाच्या आणि मुलीच्या फॉर्मवर सारखाच ठेवा आणि चौकशीही दोघांची सारखीच करा. कोणी फोनवर "आईचं मुलीत उतरतं" म्हणालं की तिथेच थांबवून वर दिलेला आकडा सांगा, शंभरात दोन-तीन, एवढं वाक्य पाठ असलं तरी पुरे. मेळाव्यात पत्रिका बघणाऱ्यांना टेबल देता, मेकअपवाल्यांना स्टॉल देता, तसा अर्धा तास एखाद्या न्यूरोलॉजिस्टला द्या. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून ह्या पेशंटसाठी काम करते, वक्ता हवा असेल तर त्यांना विचारा. कोणाला नको असेल आमच्या घराशी सोयरीक तर तो त्यांचा अधिकार आहे, पण निदान नकार खऱ्या माहितीवर द्या.

बहिणीचा नवीन बायोडेटा पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येईल. आईने नाव काढा म्हटलं तरी आम्ही ती ओळ काढलेली नाही, बहिणीनेच हट्टाने पुन्हा लिहिली. आता ती अशी आहे : "आई, निवृत्त शिक्षिका. 2011 पासून एमएस, काठी घेऊन चालतात, सकाळी दोन तास घरी शिकवण्या घेतात." खाली घरचा फोन नंबर आहे. आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर दुपारी चारनंतर करा, आई स्वतः उचलेल.

आपला,
एका शिक्षिकेचा मुलगा
नाशिक